मडमेची हजेरी

दिवा असू दे तेवढाच. सांगतो. निलेश माझ्या मावसभावाचा मुलगा, रेडीकडे त्याची काजूची बाग आहे. हे त्याने मला स्वतः सांगितलंय, तेही एकदाच.

गेल्या कार्तिकातली अवस. त्याची तन्वी चार वर्षांची. तिचा ताप काही केल्या उतरेना, म्हणून तो तिला वेंगुर्ल्याला डॉक्टरकडे घेऊन आला. त्याची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून बायको प्राजक्ता घरी राहिली. नंबर लागून औषधं मिळेपर्यंत काळोख पडला. पोरीला शालीत गुंडाळून, पुढे टाकीवर बसवून निलेश निघाला, आणि गोऱ्यांच्या कबरस्थानाशी मोटारसायकल बंद पडली.

ते कबरस्थान तुम्ही दिवसा पाहिलंय. चिऱ्यांची पडकी भिंत. आत वखारीचे व्यापारी, एक कप्तान, आणि मधोमध मडम. गावातली मुलींची पहिली शाळा तिची. पटकीच्या साथीत तिच्या शाळेतल्या मुली गेल्या. घरच्यांनी भीतीने प्रेतं नेली नाहीत. तिनेच त्यांना तिथे पुरलं, आणि शेवटी तीही त्यांच्यातच निजली.

गाडी तिथेच लावून, पोरीला डाव्या खांद्यावर घेऊन निलेश चालू लागला. तेवढ्यात भिंतीपलीकडून बाईमाणसाचा आवाज आला. सावकाश. वर्गात हजेरी घेतात तसा.

“आनंदी.”

“आसंय, बाई.” लहान मुलीचा आवाज.

“सीता.”

“आसंय, बाई.”

कुणाच्या घरातून येत असेल, असं त्याला वाटलं. पण तिथे घर नाही. एकामागून एक नावं येत राहिली. प्रत्येक नावाला ओ मिळत होती.

मग आवाज थांबला...

“तन्वी.”

ग्लानीत पडलेल्या पोरीने डोळे उघडले. भिंतीकडे पाहिलं. ओळखीचं हसली. तोंड उघडलं...

निलेशने उजवा हात तिच्या तोंडावर दाबला.

“तन्वी.”

हाताखाली ओठ हलत होते.

तिसरी हाक आली. भिंतीच्या अलीकडून.

रात्रीच्या हाकेला ओ देऊ नये, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. तरी तो बोलला.

“बाईनू, तिका नेव नको. ल्हान आसा ती. आमी तिका अजून शाळेत घालूक नाय.”



रातकिडे गप्प झाले...

मग पावलं. आत परतणारी.

निलेश पळत सुटला. नाक्यावर टेम्पो मिळाला. घरी प्राजक्ताने पोरीच्या कपाळाला हात लावला. गार. ताप नाही. पोर पेज मागत होती.

प्राजक्ता पेज आणायला उठली, आणि नवऱ्याकडे बघून थबकली. त्याचा उजवा हात तिने दिव्याखाली धरला.

तळहातावर आडवा, लालबुंद, छडीचा वळ.

वर्ष झालं त्याला. परवा मी पाहिला.

अजून ताजा आहे.