बोर्मलाच्या भुयारातला टिकाव

पटो न पटो, हे घडलंय. मी तिथे होते आणि पूर्ण शुद्धीत होते.

माल्टातलं आमचं बोर्मला गाव. ऑगस्टमधला सांता मारियाचा सण नुकताच उरकला होता. भर दुपार. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

माझी जोर्जा मावशी एकटी राहायची. तिच्या स्वयंपाकघरातून एक जिना खाली उतरायचा... थेट खडकात. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडायचे तेव्हा गल्लीतल्या लोकांनी टिकावाने खणलेलं भुयार. मावशीचा जन्म तिथलाच.

शेजारचं घर सिल्वान नावाच्या बिल्डरने घेतलं होतं. त्याला खाली गाड्या लावायला जागा हवी होती. म्हणून आमचं भुयार फोडायचं! मावशी नाही म्हणाली. तरी त्याने खडक फोडायचा ब्रेकर आणलाच.

"मावशी, खाली उंदरांशिवाय आहे काय?" तो दारातून म्हणाला.

"तुझी आजी तिथेच लपली होती, मेल्या! म्हणून तू आज तोंड वर करून बोलतोयस."

"मग मी फोडतोच."

"फोड की. मी भिंतीला पाठ लावून बसते."

तिने खुर्ची उचलली आणि जिना उतरली. मी टॉर्च घेऊन मागोमाग.

खाली गारठा. काजळीने काळ्या पडलेल्या भिंती.

पलीकडून ब्रेकर सुरू झाला. धडधड... धडधड... डोक्यावर माती पडायला लागली.

मग तो जरा थांबला.

आणि...

टक.

आवाज आमच्या बाजूने आला होता.

"मावशी, ऐकलंस?"

"बहिरी नाही झाले अजून."

टक... टक... टक...

कुणीतरी टिकाव मारत होतं. सावकाश. रोजची सवय असल्यासारखं.

मी टॉर्च फिरवला. कुणीच नाही.

तेवढ्यात माझ्या कानाजवळ कुणीतरी खोकलं... पुरुषी, कोरडा खोकला.

मी दोन पावलं मागे सरले. मावशी मात्र उठली आणि भिंतीवर तळहात ठेवून खणखणीत आवाजात म्हणाली,

"खणा! आम्ही दोघी आहोत तुमच्याबरोबर."

पलीकडे ब्रेकर पुन्हा धडधडला. आणि सगळ्या भिंतींतून टिकाव सुरू झाले...

एक नाही. कितीतरी.

मी जिन्याकडे वळले. मावशीने मनगट धरलं. "रोमिल्दा, घाबरायचंच असेल तर वर जाऊन घाबर. इथे नाही."

मी थांबले. का, ते मलाही माहीत नाही. पण थांबले.

ब्रेकर बंद पडला. त्यासरशी टिकावही थांबले.

जिन्यावर पावलं वाजली. ब्रेकरवाला स्पिरू होता. चेहरा पांढराफटक. मागे सिल्वान.

"आत माणसं खणतायत, मला सांगायचं नाही?" स्पिरू ओरडला. "कुणीतरी मेलं असतं माझ्या हातून!"

"आम्ही दोघीच आहोत," मी म्हणाले.

त्याने पाहिलं, आमच्या हातात टॉर्चशिवाय काही नव्हतं. मग हातातला दिवा भिंतीवर धरला.

काळ्या भिंतीत एक कोनाडा खणलेला होता. आतला दगड ताज्या लोण्यासारखा पिवळा. खाली भुगा... अजून उडत होता.

"नाटकं आहेत म्हातारीची," सिल्वान म्हणाला. "चालू कर."

स्पिरूने हातमोजे काढून त्याच्या हातात कोंबले. "तूच कर."

सिल्वान हसला आणि त्याने कोनाड्यात हात घातला.

त्याचं हसू थिजलं.

त्याने झटक्यात हात मागे घेतला. तळव्याकडे पाहिलं. तडक वर निघून गेला. पुढे ते घर त्याने विकून टाकलं. हाताला काय लागलं, ते त्याने आजवर कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर मावशी बरीच वर्षं जगली, सगळ्यांशी भांडत. आता त्या घरात मी राहते. अजून बिल्डर येतात. मी दारातूनच वाटेला लावते.

पण गेल्या आठवड्यात खाली गेले होते...

तो कोनाडा आता एका माणसाच्या मापाची खोली झालाय. आत कुणी नाही. आणि शेजारी दुसरी सुरू झालीय. दगड ताजा, पिवळा.

कुणासाठी, ते विचारायचा धीर झाला नाही. पण पळाले नाही मी.

"इतक्यात येणार नाही मी," मोठ्याने सांगितलं. "आणि खणायचीच असेल तर जरा रुंद खणा. मावशीसारखी काडी नाही मी!"

मी जिन्याकडे वळले.

मग...

टक.

थोडं बाजूला.