घरघर थांबली तेव्हा

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. आमच्या घरात तिखटमीठ लावून सांगायची सवय एकट्या काकांना, म्हणजे माझ्या मावशीच्या यजमानांना आहे, आणि तेसुद्धा ही गोष्ट सांगताना एक शब्द इकडचा तिकडे करत नाहीत.

वेळ भर दुपारची. जागा मावशीच्या घराची मागची खोली. आठ वर्षं झाली.

मावशी इलेक्ट्रिक गिटार वाजवते. एकोणीस वर्षं ती दुसऱ्यांच्या गाण्यांमागे वाजवत आली होती. त्या वर्षी पहिल्यांदाच तिच्या स्वतःच्या नावाचं रेकॉर्डिंग ठरलं. रविवारी दुपारी. ते जमलं तर जमलं, नाहीतर उरलेला जन्मही दुसऱ्यांच्या मागेच जाणार, हे ती ओळखून होती.

अडचण एकच होती. गिटारचा आवाज मोठा करणारा खोका, म्हणजे अ‍ॅम्प.

मावशी बोटांनी वाजवते. हळू वाजवलं की स्वर निर्मळ हवा, आणि बोट जरा जोरात पडलं की त्याच स्वराला किंचित खरखर यायला हवी. बोलता बोलता माणसाचा गळा दाटून येतो, तेवढीच. तिच्याकडचा अ‍ॅम्प काही केल्या ते देत नव्हता.

म्हणून बुधवारी ती गिटार पाठीला लावून दुरुस्तीवाल्याच्या दुकानात गेली. तीन अ‍ॅम्प वाजवून पाहिले. पहिला इतका स्वच्छ, की दवाखान्यात बसल्यासारखं वाटावं. दुसरा बोट लागायच्या आत वसकन अंगावर येणारा. तिसरा दणकट, पण हळू स्वर गिळून टाकायचा.

मग तिचं लक्ष कोपऱ्यात गेलं. जुन्या चादरीखाली अजून एक होता. आत काचेचे व्हॉल्व्ह, पूर्वीच्या रेडिओत असायचे तसे.

"तो नको," दुरुस्तीवाला म्हणाला.

"का? विकलाय?"

"विकला ना. दोनदा. दोन्ही वेळा परत आला."

"बिघडलाय का?"

"काही नाही बिघडलेलं. चार वेळा उघडून बघितला."

मावशीच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. पण तिने वायर जोडली, एक स्वर छेडला... आणि तिचे डोळे भरून आले. इतकी वर्षं ती जो आवाज शोधत होती, तो हाच होता.

अ‍ॅम्प घरी आला. काका शिंपी आहेत, पुढच्या खोलीत त्यांचं मशीन. "हे धूड आत आलं, आता मी कुठे राहू?" एवढं म्हणून ते कामाला लागले.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळं तिच्यावरच आहे. मावशीकडे आहे त्या जातीची गिटार अ‍ॅम्पला जोडली की कोणी वाजवत नसलं तरी घरघरते. तारांना माणसाचा हात लागला की घरघर बसते. हात काढला की पुन्हा सुरू. यात भुताटकी काही नाही. कोणत्याही वाजवणाऱ्याला विचारा.

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमारास मावशी पाणी प्यायला उठली. गिटार स्टँडवर ठेवली. अ‍ॅम्प चालूच होता. घरघर स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होती.

तिने ग्लास तोंडाला लावला...

घरघर थांबली.

ती तशीच धावत गेली. दार ढकललं. खोलीत कोणी नव्हतं.

आणि घरघर पुन्हा सुरू झाली.

"तुम्ही माझ्या गिटारला हात लावला?" तिने काकांना विचारलं.

"मला सुईत दोरा ओवायला दोनदा चष्मा पुसावा लागतो. मी कशाला तुझ्या तारा ओढू?"

"मग थांबली कशी?"

"फ्रिज बंद झाला असेल. नाहीतर माझं मशीन. करंट कमीजास्त होतो गं."

शुक्रवारी तिने फ्रिजची पिन काढली. काकांचं मशीन बंद करवलं. गिटार ठेवून बाहेर आली...

घरघर थांबली.

त्या वेळी काका नेमके हात धुवायला उठले होते, आणि मोरी मागच्या खोलीच्या शेजारीच. मावशीचा तोल गेला. "माझं नाव होतंय म्हणून पोटात दुखतंय तुमच्या," असं ती तोंडावर बोलली. काकांनी गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली आणि त्या दिवशी पुन्हा मशीनला हात लावला नाही.

शनिवारी दुपारी तिने खिडकीची कडी लावली, दाराला कुलूप घातलं, किल्ली मुठीत धरली. दोघं दाराबाहेर खुर्च्या टाकून बसले. आतून घरघर येत होती. पाच मिनिटं गेली. सात गेली.

"झालं समाधान?" काका म्हणाले.

आणि...

काकांनी मावशीचा हात घट्ट धरला. आत चिडीचूप होतं. त्यांनी मनात चाळीसपर्यंत आकडे मोजले. मग घरघर हळूहळू वर आली. एकेक बोट उचलून घ्यावं तशी.

"परत देऊन टाक," काका म्हणाले.

"आणि उद्या काय वाजवू?"

तिने काकांची माफी मागितली. पण अ‍ॅम्प परत दिला नाही.

रविवारी तिने आधी स्टुडिओतला अ‍ॅम्प लावून बघितला. मनापासून प्रयत्न केला. स्वर अगदी कोरडे येत होते. शेवटी आपलाच जोडला. काका भिंतीशी बसून होते.

"तारांवरचे हात काढा ताई," काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाला म्हणाला. "घरघर किती येते ते बघतो."

मावशीने दोन्ही हात उचलले.

एक सेकंद... दोन... तीन...

काहीच आलं नाही.

"वा, या गिटारला एवढी शांतता? अ‍ॅम्प कोणाकडून करून घेतलात?"

गिटार मावशीच्या मांडीवर होती. दोन्ही हात हवेत होते. काका खुर्चीतून उठून उभे राहिले.

"घेऊ या का?" रेकॉर्डिंगवाल्याने विचारलं.

मावशीला उठता आलं असतं. ती काकांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "घ्या."

तिथे एसीचा इतका गारठा होता की काकांनी शर्टाची वरची गुंडी लावली होती. मावशीने तारांवर बोटं ठेवली.

तारा कोमट होत्या.

ते रेकॉर्डिंग फार चांगलं झालं. आता मावशीच्या मागे दुसरे वाजवतात. मी ते एकदाच ऐकलंय. शेवटचा स्वर विरतो, मावशी हात काढते. काढला होता, असं ती शपथेवर सांगते. पुढे बराच वेळ मी घरघर येण्याची वाट बघत बसलो. आली नाही.

अ‍ॅम्प अजून मागच्या खोलीतच आहे. कोणाचा होता, ते दुरुस्तीवालाही सांगू शकला नाही. मावशी म्हणते, मला त्रास नाही ना, मग झालं. आम्ही विषय वाढवत नाही.

काका मात्र त्या खोलीत कापडाचा तागा आणायला जाताना आधी दारावर टकटक करतात, थोडं थांबतात, मगच आत जातात. मावशी गावाला गेलेली असली तरी.