पुदिन्याचा वास

चांद्रवसाहतीच्या रसशाळेत शालन उमराणीकर औषधाच्या यंत्रातली निकेलची थाळी घासत बसली होती. पृथ्वीवरच्या पंचांगाप्रमाणे आज खंडेनवमी. वडील सूतगिरणीत फिटर. या दिवशी यंत्रं उघडायची, पुसायची, हळदकुंकू लावायचं, हा घरचा रिवाज. शालन इथली यंत्रपाल, म्हणून तो रिवाज तिच्याबरोबर चंद्रावरही आलेला. थाळीवर काळपट साय धरली होती. तिनं आमटीसाठी जपलेल्या चिंचेचा गोळा कोमट पाण्यात कोळला, आई तांब्याचे हंडे घासायची तशी थाळी घासली आणि कोळ तासभर तसाच राहू दिला. ओठांवर आईचीच चाल होती, शब्द आपसूक जुळत होते :

थाळी घासीते घासीते, त्यात बंधव दिसला
उजव्या गालीचा तीळ, डाव्या गाली कसा गेला

ही थाळी म्हणजे तिच्या अण्णाचा श्वास होता. अण्णा म्हणजे थोरला भाऊ यशवंत. तो इथल्या खाणीत राबला आणि चांद्रधुळीनं त्याची फुप्फुसं भरली. थाळीवर कच्चं द्रव्य आणि हायड्रोजन एकत्र येत, त्यातून ‘श्वासद’ नावाचं औषध थेंबथेंब उतरे. रोज एक चमचा. तेवढ्यावर तो तीन वर्षं हिंडताफिरता होता.

पूजेनंतरच्या पहिल्याच चमच्याला अण्णा खूश.

“शालू, काय जादू केलीस गं? तीन वर्षं शेपूची भाजी पितोय असं वाटायचं. आज चक्क पुदिना!”

“देवीची कृपा म्हण. लहानपणी ताटात शेपू दिसला की परसात पळायचास मेल्या.”

शुद्धतामापकाचा दिवा हिरवाच होता.

दिवाळीत अण्णाला धाप लागू लागली. शालननं चमचे दोन केले, मग तीन. संक्रांतीला त्यानं अंथरूण धरलं. चैत्रात यान आलं, त्यातून रसायनतज्ज्ञ डॉ. फिरोज तांबोळी नवी थाळी घेऊन उतरला. मिरजेचा माणूस, आल्या आल्या चहा मागणारा. या खेपेला त्यानं औषधाची बाटली हुंगली आणि चहा विसरला.

“ताई, हा वास कधीपासून?”

“नवरात्रापासून. का? दिवा तर हिरवा आहे.”

“दिव्याला वजन कळतं, अणू कळतात. हात कळत नाही.” फिरोजनं दोन्ही तळवे समोर धरले. “बघा, बोटं तेवढीच, अंगठाही तसाच. पण उजवा मोजा डाव्या हातात बसेल का? या औषधाचे रेणू असेच दोन तऱ्हांचे. एक दुसऱ्याचं आरशातलं रूप. फुप्फुसाला उजवाच लागतो. नाकालाही हात ओळखता येतो. उजवा शेपूसारखा लागतो, डावा पुदिन्यासारखा.”

“आणि थाळी?”

“नुसत्या धातूला काय कळतंय? तो दोन्ही निम्मे निम्मे करतो. म्हणून कारखान्यात आम्ही त्यावर साचारेणू बसवतो, तेही एकाच हाताचे. ते दाटीनं बसले की मधे खाचा उरतात. त्या खाचेत कच्चा रेणू एकाच कुशीवर निजू शकतो, मग धातूवरचा हायड्रोजन त्याला त्याच अंगानं चिकटतो. दिशानिष्ठ उत्प्रेरण म्हणतात याला.”

“साचा धुऊन गेला असेल का हो?”

“मग निम्मं तरी बरोबर उतरलं असतं. हे सगळंच उलटं आहे. म्हणजे उलट्या हाताचा साचा बसलाय. पण इथं तो येणार कुठून? आमचं साचाद्रव्य मुद्दाम बनवलेलं, सहसा कुठं न सापडणारं. त्याचं उलटं रूप मात्र… झाडाला लागतं. चिंचेत असतं.”

शालननं आपल्या हातांकडे पाहिलं.

“मी घासली,” ती म्हणाली. “कोमट पाण्यात कोळून. तासभर ठेवला कोळ.”

फिरोजनं बाटलीला बूच लावलं.

“कारखान्यातही असंच करतात ताई. कोमट पाणी, तासभर.” मग हळूच म्हणाला, “हात तपासणारं यंत्र पाठवायचं होतं. यानात वजन जास्त होत होतं म्हणून मीच ते गाळलं.”

“आता नवी थाळी चढवू. लगेच.”

“चढवू. पण अण्णांच्या छातीची चित्रं मी पाहिली. फुप्फुसाचा दगड झालाय. खऱ्या औषधाला आत शिरायला जागा राहिली नाही.”

“आणि हे पुदिन्याचं? त्यानंच झालं का हे?”

“नाही. ते काहीच करत नाही. चांगलं नाही, वाईटही नाही.”

तरी तिनं थाळी चढवली. पहिले थेंब उतरताच चमचा भरून अण्णाच्या उशाशी बसली. त्याच्या उजव्या गालावरचा तीळ घामानं चमकत होता. वास येताच त्यानं तोंड फिरवलं.

“परत… शेपू?” एवढ्यासाठी त्याला दोनदा थांबावं लागलं. “शालू, तो पुदिन्याचा दे ना. त्यानं… बरं वाटायचं.”

शालननं चमचा खाली ठेवला. फडताळातली जुनी बाटली काढली, चमचा पुसून पुन्हा भरला.

“आ कर,” ती म्हणाली.