झोपेची राखण

उशी घ्यायला आलेली मुलगी दुकानातच झोपून गेली, असं गेवराईच्या बाजारपेठेत आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

अंजूच्या मनात तसं काही नव्हतं हो! पोलीस भरतीची मैदानी परीक्षा तोंडावर आलेली. रोज पहाटे पळायचं, गोळा फेकायचा आणि दिवसभर अभ्यास. त्यात मान आखडलेली आणि कंबर ठणकत असलेली. मान उशीमुळे धरते, असं खोलीतल्या वनमालेनं छातीठोकपणे सांगितलं, म्हणून दुपारी क्लास सुटल्यावर ती एकटीच गाद्यांच्या दुकानात शिरली. आतला तरुण लगबगीनं उठला. उंच, सावळा, आणि केसांत कापूस अडकलेला… त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

"एक उशी दाखवा. बारीक."

"उशी हातात धरून कळत न्हाई. जरा आडवं होऊन बघा."

"इथं? दुकानात?"

"मग काय रस्त्यावर?" तो हसला, पण तिचा चेहरा पाहून लगेच सावरला. पोरगी एकटी आहे, हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं शेजारच्या बांगड्यांच्या दुकानाकडे हाक मारली, "छबुमावशी, जरा येऊन बसता का?"

छबुबाई मेथीची जुडी घेऊनच आली आणि स्टुलावर बसली. अंजूनं चपला काढल्या, ओढणी सारखी केली, काथ्याच्या एका गादीवर अंग टाकलं. उशी बरी वाटली. 'हीच द्या' असं ती म्हणणार होती…

डोळे उघडले तेव्हा बाजारात दिवे लागले होते. छबुबाईची मेथी कधीच निवडून झाली होती. आणि तो तरुण बाहेर पायरीवर बसला होता, दुकानाकडे पाठ करून. कुणी तरी काही विचारत होतं आणि तो हळू आवाजात सांगत होता, "उद्या या भाऊ. आत माणूस झोपलंय."

अंजू ताडकन उठून बसली. "अगं बाई! मावशी, मला उठवायचं की!"

"मी उठवणारच होते. त्योच म्हणला, नको. लग्नाच्या गाद्या घ्यायला आलेलं गिऱ्हाईक परत लावलं बघ त्यानं."

शरमेनं अंजूचे कान तापले. पण खरं सांगू का? त्या शरमेच्याही वर दुसरंच काही तरी होतं. डोकं हलकं झालं होतं. समोरच्या दुकानावरची पाटी लख्ख वाचता येत होती. बांगड्यांचे रंग वेगवेगळे दिसत होते, भजी तळल्याचा वास येत होता, आणि भूक… केवढी भूक लागली होती! आपण दोन महिने झोपलोच नव्हतो, हे तिला तेव्हा कळलं. झोप इतकी मोठी गोष्ट असते? ती नवलानं आपल्याच हातांकडे बघत राहिली.

"पाणी," तो आत येऊन म्हणाला. त्याचं नाव परमेश्वर. मूळचा कडा गावचा, मामाचं हे दुकान चालवायला आलेला. "एक इचारू? घरी झोपता कशावर?"

अंजूनं घोटभर पाणी पिऊन तांब्या परत दिला. मग म्हणाली, "फोमच्या गादीवर. वीतभर उंच हाय. लई मऊ."

"अन् सकाळी उठल्यावर अंग मोडून आल्यागत होतं?"

"तुमाला कसं ठावं?"

"मऊ गादीत अंगाचा जड भाग खाली जातो. कंबर रुतली की पाठीचा कणा वाकडा होतो. मग अंग रात्रभर आपलं आपल्याला सावरत बसतं. तुमाला वाटतं झोपलो, पण अंगाला कुठं सुट्टी मिळती? बदला ती गादी."

"न्हाई बदलता येत," ती म्हणाली, आणि डोळे एकदम भरून आले. आता अनोळखी माणसापुढं रडायचं का? पण ज्याच्या दारात आपण निर्धास्त झोपलो तो अनोळखी कसला, असं तिला वाटलं असावं.

तिनं सांगून टाकलं. तिचे वडील, बंकटआप्पा, मेंढपाळ. उमापूरकडचे. सगळी हयात रानात, घोंगडीवर. अंजूही तशीच वाढली, ढेकळांत, मेंढरांच्या उबेला. ती भरतीसाठी गेवराईत खोली करून राहिली, तेव्हा आप्पांनी आपला लाडका एडका, कळपातला मेंढा, विकला, शहरात जाऊन दुकानातली सगळ्यात मऊ गादी घेतली, आणि टेम्पोत स्वतः तिच्याशेजारी बसून आणली. रोज संध्याकाळी फोन करून पहिलं तेच विचारतात, "गादीवर झोप लागती का गं?"

"अन् तुमी काय सांगता?"

"लई गाढ, आप्पा."

परमेश्वरनं काथ्याच्या गादीकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "असं करा, तुमी झोपलात तीच गादी न्या. जमलं तर ठेवा. ती मऊ गादी भिंतीला उभी करा, आप्पा आले की आडवी करायची!"

अंजू पहिल्यांदा हसली. आणि बिचाऱ्याच्या हातातला पाण्याचा तांब्या तिरका होऊन निम्मं पाणी पायावर सांडलं.

गादी अंजूच्या खोलीवर गेली. आठवडाभरात अंजू परत हजर! डावा खांदा धरूनच.

"हे काय?" तो घाबरलाच.

"तुमची गादी. कंबर जरा बरी हाय, पण कुशीवर वळलं की खांद्याला मुंग्या येत्यात. रात्रभर ह्या कुशीवरनं त्या कुशीवर."

"दुकानात तर तुमाला…"

"त्या दिवशी मी दगडावर बी झोपले असते!"

परमेश्वरनं कपाळावर हात मारला. "चुकलं माझं. कडक तितकी चांगली, असं मामा सांगतो, म्हणून मी बी गिऱ्हाइकाला तेच सांगतो. थांबा… ह्या कापसाच्या गादीवर कुशीवर व्हा बरं. आता कंबर अन् गादी ह्यांच्या मधी हात जातो का बघा." तो गडबडला. "तुमचाच! तुमचाच हात…"

"मग दुसऱ्या कुणाचा?" अंजूनं मान न वळवता विचारलं.

त्यानं उत्तर द्यायच्या ऐवजी छताच्या पंख्याकडे पाहिलं. शेजारून छबुबाईच्या खोकल्याचा आवाज आला. खोकला कसला, हसूच होतं ते.

हात सहज जात होता, म्हणजे कंबर अधांतरीच. ही पण नको. अंजू उठून बसली आणि तो तिच्यासमोर जमिनीवरच मांडी घालून बसला.

"सांगा, आजवर सगळ्यात चांगली झोप कुठं लागली?"

"रानात," ती पटकन म्हणाली. "नांगरलेल्या काळ्या रानात. दोन घोंगड्या टाकायच्या. माती खांद्याला जागा देती, कमरंला बी देती. पण बुडू देत न्हाई. अन् घोंगडीची ऊब… तुमाला न्हाई कळायचं."

"आमच्याकडं बी मेंढरं होती. आजोबानं इकली. मी नुसत्या गोष्टी ऐकल्यात." तो तिच्याकडे असा पाहत होता, की मागं दुसरंच कुणी उभं आहे की काय म्हणून तिनं वळून बघितलं. "मला कुणी असं सांगितलंच न्हाई कधी. खाली घट्ट, वर देणारं… खाली कापूस ठासून भरायचा अन् वर लोकर. धुतलेली, पिंजलेली. करतो मी! फक्त लोकर लागंल. आप्पांकडची."

अंजूचा चेहरा उतरला. "म्हंजे आप्पांना सांगायचं?"

"सांगावं लागंल."

"एडका इकलाय त्यांनी. पोटच्या पोरागत सांभाळलेला. त्यांना म्हणू, तुमच्या गादीनं माझी कंबर गेली?" ती उठली. "ऱ्हाऊ द्या. तुमाला सोपं हाय बोलायला."

ती तरातरा निघून गेली. तो पायरीपर्यंत आला, पण हाक मारली नाही. पुढचे चार दिवस अंजू खाली सतरंजी अंथरून झोपली आणि मैदानावर रोज थोडी मागं पडत गेली. आठशे मीटरच्या शेवटच्या वळणावर पाय उचलेनात. क्लासचे सर म्हणाले, असंच राहिलं तर यंदा विसरा. आणि आप्पांचा फोन आला की ती म्हणायची, लई गाढ.

शेवटी तिनं एक खोटं मनाशी जुळवलं. मैत्रिणीला लोकर पाहिजे म्हणायचं, आणि आणायची. शनिवारी ती एसटीनं उमापूरला उतरली. आप्पांनी अर्जुनराव नावाच्या एका शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवली होती. रानात मेंढरं बसली की लेंडीखत पडतं, म्हणून शेतकरी आपणहून बोलावतात. दिवस मावळताना ती पोचली. आई साखराबाईनं तीन दगडांच्या चुलीवर भाकरी टाकलेली. जेवताना लोकरीचं बोलू, असं अंजूनं ठरवलं आणि तोवर जरा पाठ टेकावी म्हणून घोंगडीवर आडवी झाली.

जाग आली ती मेंढरांच्या ओरडण्यानं. चांगलं ऊन आलं होतं. पण तिच्या तोंडावर सावली होती. तिनं वर बघितलं. आप्पा उन्हाच्या बाजूला उभे होते, दोन्ही हातांनी घोंगडी पसरून धरलेली. किती वेळ उभे होते कोण जाणे, हात थरथरत होते. आणि मेंढरं अजून जाळीच्या कुंपणातच! दिवस उगवायच्या आत मेंढरं चरायला निघाली नाहीत, असं आप्पांच्या जन्मात झालं नव्हतं. आजारपणातही नाही.

"आप्पा… मेंढरं?"

"ओरडत्यात ओरडू दे. तू निज."

अंजू त्या म्हाताऱ्या हातांकडे बघत राहिली. तिकडे परक्या गावात एक माणूस गिऱ्हाईक परत लावून पायरीवर बसला होता, आणि इथं हे. आपल्या झोपेची एवढी किंमत आहे?

आप्पांनी घोंगडी खाली घेतली आणि शेजारी बसले. "त्या गादीवर झोप येत न्हाई तुला. व्हय ना?"

"आप्पा, मी…"

"जेवायला उठवलं तर उठली न्हाईस. रोज गाढ झोपणारं माणूस असं झोपत न्हाई, पोरी. उपाशी माणूस जेवतंय तशी झोपलीस तू. मला काहून सांगितलं न्हाईस?"

"तुमी एडका इकलात…" आणि तिला हुंदका आवरेना.

"अगं येडे!" आप्पांनी तिचं डोकं कुशीत घेतलं. "मला गादीतलं काय कळतंय? हात दाबला तर कोपरापर्यंत आत गेला. म्हणलं, आपली लेक ढेकळात वाढली, तिला आता ह्याच्यात झोपवायची. मेंढरू जागा बदलली की बसत न्हाई, हे मला ठावं हाय. अन् माझ्या लेकीचं मला कळू नये?"

मग अंजूनं सगळं सांगितलं. लोकरीचं, दुकानाचं, पायरीवर पाठ करून बसलेल्या माणसाचं. त्या माणसाचं जरा जास्तच सांगितलं. साखराबाई भाकरी उलटता उलटता थांबली आणि नवऱ्याकडे बघून तिनं भुवई उडवली.

"लोकर?" आप्पा हसले. "आजकाल फुकट बी कुणी नेत न्हाई तिला. पोती भरून पडलीय."

पोती घेऊन आप्पा स्वतः गेवराईला आले. परमेश्वरला आपादमस्तक न्याहाळलं, 'कुणाचा रं तू' म्हणून कड्यातल्या चार घरांची चौकशी केली आणि जाताना फक्त एवढं म्हणाले, "नीट धू. लोकरीत गोखरू असत्यात." परमेश्वरनं एकेक काटा हातानं वेचला. नखं सोलवटली. खाली ठासून कापूस, वर काळ्या-पांढऱ्या लोकरीचा थर. गादी खोलीवर आली त्या दिवशी अंजू कुशीवर झाली. खांद्याला जागा मिळाली. कमरेखाली हात घालून बघितला, जाईना. तिला एकदम मेंढरांचा वास आल्यासारखा वाटला, आणि पुढचं काही तिला आठवत नाही.

परीक्षेच्या दिवशी आठशे मीटरच्या शेवटच्या वळणावर तिच्यापुढं दोघीजणी होत्या. रेषा ओलांडताना कुणीच नव्हतं.

पेढे घेऊन बापलेक दुकानात गेले. ती मऊ गादीही आप्पांनी सोबत आणली होती. ती छबुबाईला दिली, आणि तिच्या हाडकुळ्या अंगाला बरोबर मानवली. प्रत्येक अंगाची गादी वेगळी, दुसरं काय!

"बघू तरी माझ्या मेंढरांचं काय केलंस ते," आप्पा म्हणाले. उरलेल्या लोकरीची एक गादी परमेश्वरनं दुकानात ठेवली होती. आप्पांनी मुंडासं उशाला घेतलं, अंग टाकलं… आणि गेले की झोपी! तोंड उघडं, कपाळावरच्या सगळ्या आठ्या पुसलेल्या. आयुष्यभर एक डोळा उघडा ठेवून निजलेला माणूस. अंजूनं आपल्या बापाला असं कधीच पाहिलं नव्हतं.

मग परमेश्वर पायरीवर जाऊन बसला. ती मागोमाग आली.

"तुमच्या घरातली माणसं माझ्या दुकानात येत्यात अन् झोपत्यात," तो कुजबुजला. "धंदा कधी करायचा मी?"

"येऊ नको म्हणा मग."

"तसं न्हाई… मला ह्या पायरीची सवय लागलीय. जन्मभर राखण करायची तयारी हाय. तुमची… म्हंजे तुमची हरकत नसंल तर…"

अंजूनं त्याच्या केसांत अडकलेला कापूस अलगद काढला. इतके दिवस काढायचा राहिलाच होता. त्याचा जीव टांगणीला लागला.

तेवढ्यात एक गृहस्थ पायरी चढू लागले. "दुकान चालू हाय का?"

परमेश्वर तोंड उघडणार, तोच अंजूनं ओठांवर बोट ठेवलं.

"उद्या या, काका," ती हळूच म्हणाली. "आत ह्यांचे सासरे झोपलेत."