पडदेवाली बोलतेय

"जागा भरली गेली," एवढंच सांगून हॉस्पिटलवाल्यांनी फोन ठेवला.

धाकटी सून मोबाईल हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. रडली नाही. रडली असती तर सासूला, मावशींना, बरं वाटलं असतं.

"काय झालं?"

"नको म्हणाले."

"अगं, काल तर सोमवारपासून ये म्हणत होते!"

"कालचं काल. आज पडदेवालीला फोन केला असणार. जुन्या मालकिणीला विचारल्याशिवाय कुणी घेत नाही, आई. आणि तिला विचारलं की माझं संपलं."

ही तिसरी वेळ. आधी गणवेशांचा कारखाना, मग गाद्यांचं मोठं दुकान, आता हॉस्पिटलचं शिवणखातं. तिन्ही ठिकाणी धाकटीची शिलाई बघून माणसं खूश, आणि एका फोननंतर तिन्ही ठिकाणी दार बंद. कारखान्याने 'ये' म्हटल्यावर तिने पडदेवालीकडची जागा सोडली होती. तिथे आता दुसरी बाई बसली होती. धाकट्या लेकाची कंपनी बंद पडलेली. घराला एकच खांब उरला होता, आणि कुणीतरी त्याच्याच बुडाशी कुऱ्हाड घालत होतं.

मावशींना गल्ली तोंडावर मावशी म्हणे आणि पाठीमागे तोफ. शाळेचं आणि त्यांचं कधी जमलं नाही, पण माणूस उंबऱ्यावर चपला कशा काढतो त्यावरून त्याच्या पोटातलं ओळखत. सकाळपासून नळाच्या पाण्यावरून थोरल्या सुनेशी जुंपली होती, त्यामुळे घसा बसला होता. तरी आवाज तीन घरं पलीकडे गेला.

"कोण माझ्या घरच्या भाकरीत माती कालवतंय ते बघतेच मी. त्याला नाही रडवलं तर नाव बदला!"

"एवढं काय आभाळ कोसळलं?" थोरली भांडी आपटत म्हणाली. "नोकरी नाही तर नाही. ती बाहेर गेली की ओटा, धुणं, झाडलोट, सगळं माझ्याच बोडक्यावर."

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. हे वाक्य त्यांनी मनात ठेवून दिलं.

आतल्या खोलीतून शेंडेफळ आलं. मावशींची धाकटी लेक, लाडाची. तीही पडदेवालीकडे थोडे दिवस होती. तिथला उजेड डोळ्यांना सोसेना म्हणून सोडलं, असं तिने सांगितलं होतं. आता एका कपड्यांच्या शोरूमच्या फोनची वाट बघत होती.

"जाऊ दे गं वहिनी," ती धाकटीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली. "पडदेवाली आहेच तशी सापीण. आपण दुसरीकडे अर्ज करू."

अर्ज मोबाईलवर भरावे लागत. धाकटीला ते जमत नसे. घरात ते जमे दोघींना, थोरलीला आणि शेंडेफळाला.

मावशींनी चपला घातल्या.

पडदेवालीच्या दुकानात चार यंत्रं धडधडत होती. मावशींनी दारातूनच तोफ डागली.

"काय गं, माझ्या सुनेनं तुझ्या दुकानात घाम गाळला, त्याचं हे फळ? ज्या ताटात जेवलीस त्यातच थुंकतेस?"

पडदेवाली लांबलचक टेबलावर कापड कापत होती. तिने कात्री थांबवली नाही. काप पूर्ण करूनच वर पाहिलं.

"मावशी, आधी बसा, मग शिव्या द्या. काय झालं?"

"तू फोनवर तिची बदनामी करतेस."

"कुणाच्या फोनवर?"

"आज सकाळी हॉस्पिटलमधून आला होता तो."

पडदेवालीने टेबलाखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि झाकण उघडलं. आत फडक्यात गुंडाळलेला मोबाईल होता.

"मागे एकदा कापताना हा वाजला, माझी कात्री घसरली आणि कापडाचा अख्खा तागा वाया गेला. तेव्हापासून कापणी संपेपर्यंत हा डब्यात आणि डबा टेबलाखाली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत प्रत्यक्ष देव फोन करू दे, मी उचलत नाही. विचारा या पोरींना."

यंत्रांवरच्या पोरी हसल्या. एक म्हणाली, "त्यांचा नवरासुद्धा दुपारनंतरच फोन करतो."

"मग दुपारी आले असतील फोन."

"तुमच्या सुनेबद्दल मला आजवर एकही फोन आला नाही. आला असता तर म्हटलं असतं, घेऊन जा, सोनं आहे. पण माझ्यावर आळ घालण्याआधी एक ऐका. माझ्याकडे एका पोरीनं मोठ्या हॉटेलचे पडदे वीतभर आखूड कापले आणि खापर दुसऱ्या गरीब पोरीवर फोडलं. तुमच्या सुनेनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. मी विचारल्यावर खरं सांगून टाकलं. मी त्या कापणारीला त्याच दिवशी घरी बसवलं."

"कोण होती ती?"

पडदेवालीने कात्री पुन्हा हातात घेतली. "तुम्ही माझ्या दारात आलात, मावशी. तुमचा अपमान करून मला काय मिळणार?"

मावशी पहिल्यांदाच कुणाच्या दारातून शेवटचा शब्द न बोलता बाहेर पडल्या.

हॉस्पिटलच्या शिवणखात्यात चादरींचे ढीग लागले होते. तिथल्या मुख्य बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"हे आम्ही बाहेर सांगत नाही, आजी."

"नका सांगू. मी इथेच बसते. संध्याकाळी कुलूप लावाल तेव्हा मला आत ठेवूनच लावा."

बाई थोडा वेळ चादरी मोजत राहिल्या. मग त्यांनी खुर्ची ओढली.

"विचारा."

"फोन कधी लावलात?"

"आज सकाळी, कामावर आल्या आल्या."

"किती वेळ वाजला?"

"वाजला कुठे? पहिल्याच रिंगला उचलला. 'पडदेवाली बोलतेय' म्हणाल्या."

"बोलणं कसं होतं?"

"गोड. दुःख झाल्यासारखं. म्हणाल्या, बाई हुशार आहे पण खोटारडी. हॉटेलचे पडदे आखूड कापले आणि दुसरीवर ढकललं."

मावशींच्या कपाळावर आठी पडली.

"मागे यंत्रांचा आवाज होता?"

"नाही. अगदी शांत होतं. म्हणजे..." बाई हसल्या. "शांत तरी कसं म्हणू? मागे कुणी म्हातारी घसा फोडून ओरडत होती. 'नळ उघडा टाकून कुठं उलथलीस?' आणि दुसरी कुणी तिला उलट सुनावत होती, 'दोनच हात आहेत मला, दहा नाहीत!' मला वाटलं, दुकानातली भांडणं."

मावशींनी पदर सावरला.

"कसा होता हो म्हातारीचा आवाज?" त्यांनी विचारलं.

"फुटक्या परातीसारखा. अगदी..." बाई बोलता बोलता थांबल्या आणि मावशींकडे बघतच राहिल्या.

"तोंडावर म्हटलंत, बरं केलंत," मावशी उठत म्हणाल्या. "आता माझं एक काम करा. दुपारी चहाच्या वेळेला त्याच नंबरावर पुन्हा फोन लावा. म्हणा, एक गोष्ट विचारायची राहिली. आणि मी सांगेपर्यंत ठेवू नका."

चहाच्या वेळेला मावशींनी सगळ्यांना स्वयंपाकघरात बसवलं. थोरली ओट्याशी, धाकटी दारात, धाकटा लेक पाटावर. शेंडेफळ खिडकीत. तिचा मोबाईल समोर टेबलावर होता.

"आज चहा पिताना कुणी जागचं हलायचं नाही," मावशी म्हणाल्या.

"का, चहात विष आहे?" थोरलीने विचारलं.

"चहात नाही."

तेवढ्यात कुठेतरी घरघर सुरू झाली. टेबलावरचा मोबाईल गप्प होता. घरघर शेंडेफळाच्या कमरेपाशी होती.

"फोन येतोय," मावशी म्हणाल्या.

"चुकीचा नंबर असेल, आई."

"उचल. स्पीकर लाव."

"आई, कशाला उगाच..."

मावशींनी हात पुढे केला. त्या हाताला या घरात आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं. शेंडेफळाने कमरेच्या खिशातून दुसरा, लहानसा मोबाईल काढला. मावशींनी बटण दाबलं.

"पडदेवाली बाई ना?" मुख्य बाईंचा आवाज आला. "सकाळी आपण बोललो, एक विचारायचं राहिलं."

धाकटीच्या हातातला कप कलला. धाकटा ताडकन उठला.

"बस खाली," मावशी त्याला म्हणाल्या. "मी बोलतेय अजून. बाई, तुम्हीही ऐका.

"मला आधी थोरलीचा संशय आला. का येऊ नये? धाकटी कामाला गेली तर हिच्या अंगावर काम पडणार. पण बाई म्हणाल्या, फोनवर मागे एक म्हातारी नळावरून ओरडत होती आणि दुसरी तिला उलट बोलत होती. ती म्हातारी मी. उलट बोलणारी थोरली. बालदी घेऊन माझ्यासमोर उभी होती. एका तोंडाने माझ्याशी भांडायचं आणि त्याच तोंडाने फोनवर गोड बोलायचं, एवढी कला तिच्यात नाही."

"आभारी आहे," थोरली पुटपुटली.

"पडदेवाली दुपारपर्यंत फोनला हात लावत नाही. हा फोन सकाळी पहिल्याच रिंगला उचलला. तिच्या दुकानात यंत्रं धडधडतात. इथे माझ्याशिवाय काही धडधडत नाही. म्हणजे फोन या घरात होता. धाकटी स्वतःच्या पायावर धोंडा मारणार नाही. अर्जात पडदेवालीच्या नावापुढे आपला नंबर कुणी घातला? अर्ज भरणारीने. आणि आखूड कापलेल्या पडद्यांची गोष्ट थोरलीला कुठून ठाऊक असणार? या घरात ती ठाऊक होती धाकटीला आणि जिने ते कापले तिला."

शेंडेफळ खिडकीतून उठलं. मग ती एकदम उसळली.

"हो, मीच! वहिनीला कुणी सांगितलं होतं हरिश्चंद्र व्हायला? घरचं माणूस होते मी! तिनं गप्प बसायचं होतं. मला सगळ्या पोरींसमोर बाहेर काढलं. तिनं माझ्याबद्दल खरं सांगितलं ना? मग मी तिच्याबद्दल खोटं सांगितलं. फिटलं!"

"आणि हा फोन तेवढ्यासाठी घेतलास?"

शेंडेफळाने तोंड फिरवलं.

"ताई, हा तुम्ही आधीच घेतला असणार," धाकटी हळूच म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "स्वतःच्या अर्जासाठी. स्वतःचंच कौतुक करायला. शोरूमला पण हाच नंबर दिलाय ना?"

शेंडेफळाने फोन हिसकावायला हात पुढे केला.

मावशींनी फोन लेकीच्या तोंडापुढे धरला. "बाई ऐकताहेत. तू कोण, पडदे कुणी कापले, सांग. रडत सांगू नकोस, नीट ऐकू जात नाही."

शेंडेफळाने सांगितलं. एकेक शब्द दातांखालून खडा निघावा तसा निघाला. मग मुख्य बाई म्हणाल्या, "त्या पोरीला सोमवारी पाठवा. आणि आजी, तुम्हीसुद्धा सोबत या. आमच्या धोब्यांना सरळ करायला तुमच्यासारखीची गरज आहे."

फोन बंद झाला. धाकटीने आता कुठे डोळ्यांना पदर लावला. थोरलीने काही न बोलता तिच्या कपात नवा चहा ओतला.

"आई, चुकलं माझं," शेंडेफळ म्हणालं. "आता सोड ना. तो फोन दे माझा."

मावशी फोन देणार, तेवढ्यात तो त्यांच्या मुठीत पुन्हा घरघरला. अनोळखी नंबर. शेंडेफळ पांढरंफटक पडलं.

"आई, शोरूम आहे. उचलू नकोस. आई, पाया पडते. वहिनी, तू तरी सांग ना हिला!"

धाकटीने चहाचा घोट घेतला. "मी काय सांगू, ताई? मी सांगितलं की तुम्हाला राग येतो."

मावशींनी बटण दाबलं.

"नमस्कार," पलीकडून पुरुषाचा आवाज आला. "एका मुलीबद्दल चौकशी करायची होती. तुमच्याकडे कामाला होती म्हणे. पडदेवाली बाईच बोलताय ना?"

"नाही," मावशी म्हणाल्या. लेकीच्या डोळ्यांतून त्यांनी नजर काढली नाही. "मी तिची आई बोलतेय. विचारा काय विचारायचं ते. तिला माझ्याइतकं कुणी ओळखत नाही, आणि आजच्याइतकं मीही कधी ओळखलं नव्हतं."