शेतीच्या कपाटाचा एकमेव वाचक

ग्रंथ अमर असतात. ट्युनिशियातल्या बिझर्तच्या सार्वजनिक वाचनालयात हे अमरत्व पाच वर्षं टिकतं. तेवढ्यात कुणी पुस्तकाला हात लावला नाही, तर ते खोक्यात जातं आणि खोकं रद्दीत.

ही छाननी दरवर्षी उन्हाळ्यात होते. उन्हाळ्यात सगळं गाव समुद्रावर असतं, त्यामुळे पुस्तकांची बाजू घेऊन भांडायला कुणी उरत नाही. यंदा हे काम सुंदुसकडे होतं. छाननीला नवी असल्यामुळे ती ते मन लावून करत होती.

जुलैतल्या एका सकाळी ती शेतीच्या कपाटापाशी आली. कागदोपत्री हे कपाट केव्हाच मेलं होतं. पण बोट फिरवलं, तर पुस्तकांवर धूळच नाही! मधमाश्यांच्या आजारांवरच्या पुस्तकाची जागा रिकामी होती. ती वाकून त्या फटीत बघत होती, तेवढ्यात तिच्या खांद्यावरून एक हात आला आणि त्याने ते पुस्तक अलगद जागेवर सरकवलं. हाताबरोबर जाईचा वास आला. हाताच्या मालकाने इथल्या पुरुषांच्या रिवाजाप्रमाणे कानामागे तुरा खोचला होता आणि तो कान लाल झाला होता.

"माफ करा… वाचून झालं, म्हणून ठेवलं."

"म्हणजे ते तुम्ही आहात!"

तो शिहाब. शाळेत विज्ञान शिकवायचा. दोन वर्षं समोरच्याच टेबलापाशी बसायचा, हिवाळ्यात दुपारी, उन्हाळ्यात सकाळी. सुंदुसने त्याला हजारदा पाहिलं होतं, पण खुर्च्या पाहतात तसं.

"टेबलावरची पाटी वाचलीत कधी?" तिने विचारलं. "'वाचलेले पुस्तक टेबलावरच ठेवावे.' आम्ही संध्याकाळी टेबलावरची पुस्तकं गोळा करतो, तेव्हा कळतं कोणतं वाचलं गेलं. तुम्ही ती परत कपाटात ठेवता!"

"आई म्हणते, दुसऱ्याच्या घरातली वस्तू घेतली की जागच्या जागी ठेवायची."

"छान वळण लावलंय आईंनी. त्या वळणापायी अख्खं कपाट गेलं. आमच्या हिशेबी पाच वर्षांत इथे कुणी फिरकलंच नाही."

"गेलं म्हणजे?"

"गुरुवारी समिती बसेल. हे निघेल, बाकालोरियाच्या, शाळेच्या शेवटच्या परीक्षेच्या, गाइडांचं मोठं कपाट येईल. तुमचं टेबल मागच्या खोलीत जाईल."

शिहाबचा लाल कान पांढरा पडला. "मागच्या खोलीत? नाही हो… असं नका करू!"

मधमाश्यांवर एवढा जीव असलेला माणूस सुंदुसने पहिल्यांदाच पाहिला. ती विरघळली. छाननी करणाऱ्याने विरघळायचं नसतं, पण खिडकीतून खारा वारा येत होता आणि गावात दुसरं कुणी नव्हतं.

"गुरुवारपर्यंत रोज पुस्तकं टेबलावर ठेवून जा," ती हळूच म्हणाली. "मी समितीला सांगेन, या कपाटाला वाचक आहे म्हणून."

त्या दिवसापासून तो पुस्तक टेबलावर ठेवून जाऊ लागला. जाताना दारातून दोनदा मागे वळून बघायचा, पुस्तक बेवारस राहिल्यासारखं. ती ते उचलायला आली की थोडं बोलणं व्हायचं, मग थोडं जास्त.

"तुमच्या माश्या कशा आहेत?"

"कोणत्या माश्या?"

"पाळल्या नाहीत? मग दोन वर्षं त्यांचे आजार कशाला वाचताय?"

"पाळल्या तर… तयारी असावी."

"बरं, राणीमाशी मेली तर पोळ्याचं काय होतं?"

शिहाबने छताकडे बघितलं, मग तिच्याकडे. "…शोकसभा?"

सुंदुस इतकी हसली की टेबलाला टेकावं लागलं. हसून झाल्यावर मात्र तिला एक शंका आली. शंका आली म्हणून तिने दुसऱ्या दिवशी नवी ओढणी घेतली, यावरून शंका वाईट नसावी.

गुरुवारी समिती बसली. समिती म्हणजे वाचनालयाचे प्रमुख सी मुन्सिफ आणि निवृत्त मुख्याध्यापिका लल्ला बहिजा; इथे 'सी' म्हणजे श्रीयुत आणि 'लल्ला' म्हणजे बाई. सुंदुसने सांगितलं की शेतीच्या कपाटाला एक गंभीर वाचक आहे आणि त्याची हमी ती स्वतः देते. नोकरीतली ही तिची पहिलीच हमी.

"गंभीर वाचक? जुलैत?" सी मुन्सिफ म्हणाले. "बोलवा त्याला."

शिहाब येऊन उभा राहिला.

"हं, सांगा. हे कपाट का ठेवायचं?"

'विद्यार्थ्यांसाठी' म्हणाला असता तरी चाललं असतं. 'आजोबांची शेती होती' म्हणाला असता तर लल्ला बहिजांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. त्याने तोंड उघडलं, सुंदुसकडे बघितलं… तिने याच्यासाठी हमी दिली होती. खोटं बोलला असता तर कपाट वाचलं असतं, आणि तिची हमी आयुष्यभर खोटी राहिली असती.

"तिथून यांचं टेबल दिसतं," तो म्हणाला. "दोन वर्षांत मी एकही पुस्तक दहाव्या पानाच्या पुढे वाचलेलं नाही."

सी मुन्सिफांनी लिहायला घेतलेलं पेन खाली ठेवलं.

"अरे लेका," लल्ला बहिजा म्हणाल्या, "मग कादंबऱ्यांच्या कपाटापाशी बसायचंस! तिथूनही दिसतं की. आणि वाचायला तरी काही बरं मिळालं असतं."

"तिथे खांब मध्ये येतो."

"मी काय लिहू ते सांगा," सी मुन्सिफ म्हणाले. "वाचक धरायचा की नाही?"

सगळ्यांनी सुंदुसकडे बघितलं. तिचा चेहरा तापला होता. ती उठली, तिने मधमाश्यांच्या आजारांचं पुस्तक उचललं आणि स्वतःच्या हाताने खोक्यात टाकलं.

"नाही धरता येणार. नियमात बसत नाही."

शिहाब मान खाली घालून बाहेर पडला. तो पायऱ्या उतरत असताना ती मागून आली.

"सी शिहाब! माझी पहिली हमी बुडवलीत."

"हो. माफ करा… उद्यापासून येणार नाही."

"उद्या सुट्टीच आहे माझी." ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "बंदरावर आमच्या मामांचं चहाचं दुकान आहे. तिथे एकही खांब नाही."

तो बघतच राहिला.

"असं बघू नका, पाच वाजता या. आणि पुस्तक आणू नका."

"आईला आणू?"

"उद्या नको," ती म्हणाली आणि थोडं थांबून, "…पुढच्या आठवड्यात आणा."

हेमंतात दोन्ही घरांनी मिळून साखरपुड्याची फातिहा वाचली, वसंतात लग्न झालं. लल्ला बहिजांनी जोडप्याला एक जाड कादंबरी भेट दिली.

लग्नानंतर शिहाब वाचनालयात एकदाही गेला नाही. नूतनीकरण न केल्यामुळे त्याचं सभासदत्व त्याच वर्षी रद्द झालं.