चौथा चौरस

बारामतीहून इंदापूरकडे येताना उसातून एकदम काचेची इमारत वर येते, ते खासगी विद्यापीठ. खो-खोचं मैदान मात्र मागच्या बाजूला, मातीचं. माधवी तिथली प्रशिक्षक. रोज चारला पाणी मारायचं, चुन्याच्या रेघा ओढायच्या आणि आठ पोरींना एकाआड एक तोंडं फिरवून चौरसांत बसवायचं.

चौथ्या चौरसात वरकुट्याची संस्कृती बसायची. मे महिन्यात ती तापानं फणफणली होती, तरी क्रीडा संचालक शंभूराज सरांनी तिला भर दुपारी पळवलं. माधवीनं हात जोडले. "नाटकं नकोत, ट्रॉफी पाहिजे," सर म्हणाले. पोरगी मैदानातच कोसळली आणि गेली.

आता संस्कृती त्या दिवशी सरावाला आलीच नव्हती, असं त्यांना माधवीकडून लिहून हवं होतं. सही झाली की संस्कृतीच्या बापानं पोलिसांत केलेली तक्रार तिथंच मेली. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा माणूस! माधवीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

जुलैत तिनं निकिताला चौथ्या चौरसात बसवलं. खो मिळायच्या आतच निकिता उठून पळाली.

"कुणी उठवलं गं तुला?"

"म्याडम, पाठीवर थाप पडली. हात लई कढत व्हता."

मागं कुणीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिथं दुसरी पोरगी बसली. तीही तशीच उठली, रडत. तिच्या पाठीवर पाच बोटं लाल उमटली होती.

तिसऱ्या दिवशी सर कागद घेऊनच आले.

"भुताटकी पसरवता? शिकलेल्या ना तुम्ही?" ते उसाकडं तोंड करून चौथ्या चौरसात बसले. "हा बसलो. करा सही."

"मेले तरी करणार नाही."

सर काहीतरी बोलणार होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

ते उठले.

नाकासमोर पळत सुटले, रेघ ओलांडून, थेट उसात.

खो मिळालेल्यानं एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत माघारी वळायचं नसतं. त्या बाजूला खांब नव्हता.

माधवीनं पोलिसांना मे महिन्यातलं सगळं खरं लिहून दिलं. शोधणाऱ्यांना उसात माणूस सापडला नाही. मात्र पाचटाचा करकर आवाज आणि धापा तीन दिवस ऐकू येत राहिल्या, कधी जवळून, कधी लांबून.

चौथ्या दिवशी निकिता खालमानेनं म्हणाली, "म्याडम, उसाच्या पल्याड येक खांब रोवूया का? थांबत्याल तरी."

माधवीनं थोडा वेळ कान दिला. धापा अजून येत होत्या.

"नको," ती म्हणाली, आणि चुन्याची पाटी उचलून रेघा ओढायला लागली.